ईडनच्या उपसागरात एक्केचाळीस तास

पुणे, १३ डिसेंबर

बॅग आज तिसऱ्यांदा रिकामी करून भरली. लेकीनं फोनवर बजावलं आहे, "आई, बोटीवर माणशी दहा किलो, त्यात बूट धरून." त्यामुळे खाण्याचं म्हणाल तर मेतकूट, आलेपाक, सुंठपूड आणि थोडं डाळीचं पीठ. बाकी सगळे लोकरीचे कपडे. तिकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, पण दक्षिणेचा वारा सुटला की तो थेट अंटार्क्टिकाच्या बाजूनं येतो आणि हाडं गोठवतो, हे दोन वर्षांपूर्वी सिडनीजवळच्या सरावात अनुभवून झालं आहे.

शर्यत आहे सिडनी ते होबार्ट. शिडाच्या बोटींची, ६२८ सागरी मैलांची, म्हणजे साडेअकराशे किलोमीटरहून थोडी जास्तच. १९४५ साली सुरू झाली. दरवर्षी २६ डिसेंबरला दुपारी एक वाजता सिडनी बंदरात तोफ उडते आणि बोटी दक्षिणेला, तस्मानियाकडे निघतात. लेक आणि जावई ज्या चाळीस फुटी बोटीत भागीदार आहेत, तिच्यावर आठ जणांमध्ये मी एक. स्वयंपाक आणि रेडिओची वही माझ्याकडे.

साठीला आलेल्या बाईला हे कसं सुचलं, असं सोसायटीत दोघींनी विचारलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. मी बत्तीस वर्षं खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात काढली. १९१६ पासूनची ही संस्था. धरणाच्या खालच्या अंगाला मोठमोठ्या शेड आहेत आणि त्या शेडमध्ये बंदरं आहेत. खरीखुरी बंदरं, फक्त एकास शंभर या प्रमाणात. गमबूट घालून घोटाभर पाण्यात उभं राहायचं, यंत्रानं लाटा सोडायच्या, ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारी भिंत, दहा सेंटिमीटर इकडे-तिकडे सरकवून आतलं पाणी किती शांत राहतं ते मोजायचं. समुद्रापासून दूर, सिंहगडाच्या पायथ्याशी बसून आम्ही कोकणातल्या आणि गुजरातेतल्या जेट्टींवर काम करायचो. मोजमापासाठी रत्नागिरीला लाँचवर गेले आहे, दोन-चार तास, आणि संध्याकाळी विश्रामगृहावर परत. बंदरात अडकून पडायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

मॉडेलमध्ये एक सोय असते. लांबी शंभर पटींनी कमी केली की वेळ शंभराच्या वर्गमूळानं, म्हणजे दहा पटींनी आखूड होतो. समुद्रावरचं सहा तासांचं वादळ आमच्या शेडमध्ये छत्तीस मिनिटांत संपायचं. दुपारच्या चहाआधी एक, चहानंतर एक.

सिडनी, २४ डिसेंबर

सकाळी सगळ्या बोटींच्या कप्तानांची बैठक. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याचा माणूस येऊन नकाशे दाखवतो. सांगितलं ते असं: २६ ला ईशान्येचा छान वारा, बोटी पळतील. २७ ला दुपारनंतर दक्षिणेकडून आघाडी येईल, वारा ३० ते ४० नॉट. चाळीस नॉट म्हणजे ताशी पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. २९ ला ओसरेल.

आमची स्किपर ६४ वर्षांची, मूळची तस्मानियाची. तिची ही बारावी होबार्ट. तिनं वहीत एकच शब्द लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या: ईडन. वाटेतलं, आसरा घेता येईल असं बंदर.

संध्याकाळी सुरक्षेचं सामान पुन्हा एकदा मोजलं. तरंगता तराफा, लाईफ जॅकेट, त्याला बांधायचे पट्टे, प्रत्येकाचं आपापलं संकेत-यंत्र. सांगलीचा डॉक्टर, लेकीचा मित्र, औषधांची पेटी लावत होता. "काकू, उलटीची गोळी उद्या रात्रीपासूनच सुरू करा, लागेल तेव्हा नको," म्हणाला. ऐकलं, आणि बरं झालं.

२६ डिसेंबर, सिडनी बंदर

एक वाजता तोफ. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेसात. आमचे हे चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसले असणार. प्रत्येक बोटीचा ठिपका नकाशावर दिसतो, तेवढ्यासाठी त्यांनी इंटरनेटचं नवीन कनेक्शन घेतलं आहे.

किनाऱ्यावर माणसांची रीघ, डोंगरउतारांवर छत्र्या, पाण्यात बघ्यांच्या होड्याच होड्या. बंदराच्या तोंडातून बाहेर पडलो, उजवीकडे वळलो आणि मोठं रंगीत शीड फुगलं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहणारा एक मोठा प्रवाह आहे. तो सापडला की बोट फुकटात दोन-तीन नॉट जास्त पळते. जावयानं पाण्याचं तापमान बघून तो शोधला, प्रवाहाचं पाणी अवतीभवतीच्या पाण्यापेक्षा गरम असतं. रात्री सगळ्यांना मऊ भात, तूप, मेतकूट. तिन्ही ऑस्ट्रेलियन मुलांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

२७ डिसेंबर

दुपारी तीनला बर्मागुई गावासमोर होतो. वारा एकदम पडला. शिडं लटकली, दोऱ्या डेकवर आपटायला लागल्या. दक्षिणेच्या क्षितिजावर ढगाची एक लांब गुंडाळी, अंथरूण गुंडाळून भिंतीशी ठेवावं तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्किपर म्हणाली, "आता." मोठं शीड उतरवलं, मुख्य शिडाला दुसरा रीफ घेतला, म्हणजे खालून आवळून ते लहान केलं. शेवटची गाठ बसते न बसते तोच वारा आला. आधी थंडी आली, मग आवाज, आणि मग बोट आडवी झाली.

पुढच्या आठ तासांचं फार काही सांगता येत नाही. मी बहुतेक वेळ आत, पाठ एका फळीला आणि पाय दुसऱ्या फळीला रोवून, रेडिओजवळ बसले होते. दोन गोष्टी मात्र डोळ्यांसमोर आहेत. एक, ज्या प्रवाहानं रात्रभर आम्हाला पुढे ढकललं, तोच आता वैरी झाला. प्रवाह दक्षिणेला आणि वारा उत्तरेला, असे समोरासमोर आले की लाटेची लांबी घटते, उंची वाढते, आणि लाट उताराची न राहता भिंतीसारखी होते. हे समीकरण मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं आहे. त्या दिवशी बोट त्या भिंतीवर चढायची, पलीकडे आधार नसल्यामुळे पोटावर आपटायची, आणि डोलकाठीपासून माझ्या दातांपर्यंत सगळं हादरायचं. दुसरी गोष्ट म्हणजे रात्री नऊच्या सुमाराला फाडकन झालेला आवाज. मुख्य शिडाची शिवण दुसऱ्या रीफच्या वर हातभर उसवली होती.

स्किपरनं कुणाला विचारलं नाही. "ईडनला जातोय. नांगर टाकू, शिवू, वाट बघू. शर्यत सोडलेली नाही." उसवलेलं शीड उतरवून वादळी शिडांवर बोट आणली. शर्यतीत पुढे जायला इंजिन वापरता येत नाही, ते फक्त बॅटऱ्या भरण्यापुरतं. म्हणजे त्या अंधारात, चाळीस नॉटच्या वाऱ्यात, अनोळखी उपसागरात शिडांवरच शिरायचं. लेक सुकाणूवर होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त टोपीच्या कडेवरून निथळणारं पाणी दिसत होतं.

टूफोल्ड बे नावाचा हा उपसागर. ईडन गाव आणि त्याचा मुख्य धक्का उत्तरेला. पण दक्षिणेच्या वाऱ्यात आडोसा मिळतो तो दक्षिण कडेलाच, डोंगराच्या कुशीत, ईस्ट बॉइड बेमध्ये. भूशिराला वळसा घातला आणि लाटा खाली बसल्या. वारा माथ्यावर घोंघावत होता, पण समुद्र थांबला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी नांगर पडला. साखळी खडखडत गेली, बोट मागे ओढली गेली, ताण आला, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळली आणि तिथेच राहिली. कुणी काही बोललं नाही. मी आल्याचा चहा टाकला.

२८ डिसेंबर, नांगरावर

पहाटे दोन ते चार माझा पहारा. नांगर घसरत नाही ना, एवढंच बघायचं. धक्क्यावरचे दोन दिवे एकामागे एक धरून ठेवायचे. ते रेषेतून सुटले की बोट सरकली. जीपीएसचा गजर लावलेला होताच, पण स्किपरचा डोळ्यांवर जास्त भरवसा. दोन तास मी त्या दोन दिव्यांकडे बघत होते. बोट वाऱ्याबरोबर डावीकडे झुलायची, दिवे सुटायचे, छातीत धस्स व्हायचं, मग ती परत यायची आणि दिवे जुळायचे.

उजाडलं तेव्हा पहिल्यांदा जागा दिसली. पाण्यापर्यंत उतरलेलं निलगिरीचं दाट रान, नैर्ऋत्येला इम्ले नावाचा एकटा उभा डोंगर ढगात अर्धा बुडालेला, आणि आमच्यापासून जवळच एक लांब धक्का, जिथून लाकडाचे तुकडे जहाजांत भरतात. आमच्यासारख्याच आणखी चार बोटी नांगरावर. पलीकडे, ईडनच्या धक्क्याला, डोलकाठ्यांची गर्दी. त्यातल्या बऱ्याच जणांनी शर्यत सोडली होती. कुणाचं सुकाणू मोडलं, कुणाचा हात. त्या बातम्या रेडिओवर ऐकून मी वहीत लिहीत होते. शर्यत सोडायला हिंमत लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते आवाज ऐकायला हवे होते. वर्षभराची तयारी, सुट्ट्या, पैसा, सगळं एका वाक्यात मागे घ्यायचं आणि आवाज स्थिर ठेवायचा.

आमच्याबाबत नियम स्पष्ट आहे. शर्यतीत नांगर टाकायला मुभा आहे. धक्क्याला बोट बांधायची तर ती पाणी उपसायला, रीफ घ्यायला किंवा दुरुस्तीला, एवढ्यापुरतीच. घड्याळ मात्र चालूच राहतं. आम्ही इथे पिठलं ढवळत असताना आमच्या गटातल्या तीन बोटी बाहेर, त्या समुद्रात, पुढे सरकत होत्या. जावई दर तासाला फोन उघडून त्यांचे ठिपके बघायचा आणि मिटायचा. दहा वाजता मी म्हटलं, "अरे, सुई धर जरा."

शीड शिवणं हे मोठं काम निघालं. खारवलेल्या ओल्या कापडावर चिकटपट्टी बसेना. गोड्या पाण्याचं फडकं फिरवून, स्पिरिटनं पुसून, गॅसच्या शेगडीवर हात गरम करून तो भाग हातानंच वाळवला. मग चिकटपट्टी, आणि तिच्यावर टाके. तळहातावर चामड्याचा पट्टा बांधायचा, त्यात धातूची खोलगट टिकली असते. सुईचं बूड तिच्यावर टेकवून अख्ख्या हाताचा जोर द्यायचा, तेव्हा सुई आरपार जाते. दोरा मेणाचा. लेक एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, शीड दोघींच्या मांडीवर आणि उरलेलं डोक्यावर तंबूसारखं. आजी गोधडीला टाके घालताना दर चार बोटांवर दोरा ओढून बघायची, शिवण चुरगळते का ते. तीच सवय इथे कामी आली. लेक सरळ टाके घालत होती. तिला म्हटलं, "नागमोडी घाल. ताण आला की सरळ टाका कापड कापतो, नागमोडी पसरतो." हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. आजीचे हात आठवले आणि तोंडून निघालं. हातभर उसवणीला साडेचार तास लागले. माझ्या आणि तिच्या गप्पा एवढ्या सलग तिच्या लग्नानंतर झाल्या नव्हत्या.

दुपारी बोट फार वाईट डुलायला लागली. वारा दक्षिणेचा, त्यामुळे नाळ दक्षिणेकडे. पण बाहेरच्या मोठ्या लाटा भूशिराला वळसा घालून पूर्वेकडून आत येत होत्या आणि बोटीला आडव्या लागत होत्या. डॉक्टरलाच उलटी झाली. तो म्हणाला, "काकू, बंदरात आलोय ना आपण? मग हे काय?"

हे काय, ते मला बत्तीस वर्षं माहीत होतं. लाट कोपऱ्यावर अडत नाही, वळते. भिंतीआड सावलीतसुद्धा ती थोडी-थोडी पोचतेच. बंदराची शांतता म्हणजे लाटा नसणं नव्हे. किती उंचीची लाट किती वेळ चालेल, हे ठरवून घेतलेली ती मर्यादा असते. आमच्या अहवालांत तक्ते असायचे, वर्षातले इतके दिवस माल चढवता येईल, इतके दिवस येणार नाही. त्या "येणार नाही"च्या रकान्यात मी कितीतरी आकडे भरले. त्या रकान्यात माणसं बसलेली असतात, ओल्या मोज्यांनी, पातेलं धरून, हे माझ्या मनात कधी आलं नाही. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाच्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या मच्छीमार बोटी देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. मी ती बातमी वाचून देवगडचं बंदर नैसर्गिकरीत्या किती सुरक्षित आहे यावर सहकाऱ्यांशी चर्चा केली होती. ते खलाशी घरापासून हजार किलोमीटरवर काय खात असतील, झोपत असतील का, हे विचारलं नव्हतं. काल रात्रीपासून त्यांची फार आठवण येते आहे.

घड्याळ काढून लाटा मोजल्या. वीस लाटांना तीन मिनिटं चाळीस सेकंद, म्हणजे एक लाट अकरा सेकंदांची. उंचीसाठी धक्क्याचा एक खांब निवडला, शेवाळाची काळी पट्टी असलेला, आणि दुर्बिणीतून बघत बसले. पाणी पट्टीवर हातभर चढत होतं, हातभर उतरत होतं. वहीत तास घालून लिहिलं. आमच्या शेडमध्ये हे काम तारेचे सेन्सर करायचे.

संध्याकाळी स्किपरनं गोष्टी सांगितल्या. आम्ही जिथे होतो तिथून जवळच कियाह नावाचं नदीमुख आहे. तिथे डेव्हिडसन नावाच्या कुटुंबाचा देवमासे पकडायचा तळ होता. या उपसागरात किलर व्हेल माशांची एक टोळी यायची. ती मोठ्या देवमाशांना रेटत आत आणायची आणि नदीच्या तोंडाशी शेपट्या आपटून माणसांना खबर द्यायची. माणसं देवमासा मारायची आणि रात्रभर तसाच पाण्यात सोडायची, म्हणजे टोळीला जीभ आणि ओठ मिळत. जिभेचा कायदा म्हणत त्याला. टोळीतला म्होरक्या ओल्ड टॉम १९३० साली मेला. त्याचा सांगाडा ईडनच्या संग्रहालयात आहे. शर्यत चालू असताना किनाऱ्यावर उतरता येत नाही, त्यामुळे तो काही बघता आला नाही.

मग ती पहिल्या शर्यतीकडे वळली. १९४५, नऊ बोटी. वादळ आलं आणि काही जणांनी किनाऱ्याचा आसरा घेतला. ब्रिटिश नौदलातल्या जॉन इलिंगवर्थची बोट मात्र बाहेरच राहिली. शोधाला गेलेल्या विमानाला ती सापडेना, लोकांनी आशा सोडली, आणि मग ती तस्मानियाजवळ सगळ्यांच्या पुढे निघाली. तीच जिंकली. बोटीचं नाव 'रानी'. इतक्या दूर ते नाव ऐकून घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. सर्वात शेवटी पोचलेल्या 'वेफेअरर'ला अकरा दिवस लागले.

"म्हणजे थांबणारे हरले," जावई म्हणाला.

स्किपरनं त्याला उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं १९९८ बद्दल बोलली. तेव्हा ११५ बोटी निघाल्या, ४४ पोचल्या. पाच बुडाल्या, सहा माणसं गेली, ५५ जणांना हेलिकॉप्टरनं आणि जहाजांनी वाचवलं. ती स्वतः त्या वर्षी किनाऱ्यावर होती, पण गेलेल्यांपैकी एकाला ओळखत होती. एवढंच सांगून ती वर नांगर बघायला गेली, आणि आम्ही भांडी घासली.

२९ डिसेंबर

पहाटे वारा पडला. सहा वाजता वीस नॉट, आकाशात निळे तुकडे. जावई आणि ती तीन मुलं तयार, जॅकेटं अंगात. बाजूच्या दोन बोटींनी नांगर उचललासुद्धा. सगळं शीडही शिवून झालेलं. निघायला हरकत ती काय?

यांचा फोन आला. पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती, तरी जागे. "तुमचा ठिपका हलत नाहीये गं. सगळे बरे आहात ना?" बरं असल्याचं सांगितलं. "इकडे मी हवामानाचं बघतोय, तुमच्या तिथे आता..." मी तिथेच थांबवलं. "हवामानाचं काही सांगू नका. बाहेरून मदत घेतली असं होतं." सगळ्यांसाठी खुली असलेली माहिती आपण आपली बघायची, घरच्यानं फोन करून सांगायची नाही. ते जरा थांबले. मग म्हणाले, "बरं. थालीपीठ जमलं आज मला. सगळं नाही, कडेचं." मी फोन ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

मग खांबाकडे दुर्बीण लावली. सकाळी सातला पाणी अजून हातभर चढत-उतरत होतं. वारा निम्म्यावर आला होता, लाट नाही. वाऱ्याला पडायला अर्धा तास पुरतो. समुद्रानं घेतलेली ऊर्जा सुटायला वेळ लागतो. आणि बाहेर तो प्रवाह होताच, आणि त्याच्यापुढे ऑस्ट्रेलिया आणि तस्मानियामधली बासची सामुद्रधुनी, जेमतेम साठ मीटर खोल. खोल समुद्रातून येणाऱ्या लाटा तिथे उथळावर चढून आणखी उभ्या होतात. उपसागरातली लाट ही बाहेरच्या लाटेची पडछाया. पडछाया हातभर असेल तर मूळ किती, याचं गणित मला येत होतं. गेल्या दोन दिवसांत त्या बोटीवर मला खात्रीनं येणारी ती एकच गोष्ट होती.

वही घेऊन स्किपरकडे गेले. दर तासाचे आकडे दाखवले. "सहा तास तरी थांबावं असं मला वाटतं," म्हटलं. "हा आकडा वीतभर होईपर्यंत." जावई म्हणाला, "आई, सहा तास म्हणजे चाळीस मैल." खरं होतं ते. त्याचा चेहरा उतरला होता आणि मला वाईट वाटत होतं. सासू म्हणून सांगते आहे असं त्याला वाटू नये, म्हणून मी वही त्याच्याच हातात दिली. त्यानं सगळी पानं उलटून बघितली. मग विचारलं, "पुढचं रीडिंग मी घेऊ?"

त्यानंतर दर तासाला तोच दुर्बीण घेऊन बसला. दहा वाजता हाताला चार बोटं कमी. बारा वाजता पाऊण हात. दोन वाजता अर्ध्याहून थोडं जास्त. आमच्या शेडमध्ये मी अशा वेळी यंत्राचा वेग बघायची, चहाला कोण जातंय ते बघायची. इथे दोन आकड्यांच्या मध्ये एक अख्खा तास होता, साठच्या साठ मिनिटांचा. त्यात लोक झोपले, उठले, पत्ते खेळले, डॉक्टरनं एकाच्या तळहाताचे फोड बांधले, मी उरलेल्या डाळीच्या पिठाची भजी केली, एक समुद्रपक्षी येऊन रेलिंगवर बसला, गेला. बंदर तयार करणं माझ्या ओळखीचं होतं. बंदरातला वेळ मी पहिल्यांदाच बघत होते.

पाच वाजता जावई म्हणाला, "वीत. माझी वीत, तुमची नाही." त्याचा हात मोठा आहे. स्किपर उठली.

नांगर हातानं ओढला. साखळीबरोबर तळाचा करडा चिखल वर आला आणि नाळेवर सांडला. पाच वाजून वीस मिनिटांनी शिडं भरली. आमची शिवण मी खालून बघत होते. पहिला ताण आला, नागमोडी टाके उघडल्यासारखे झाले, आणि धरून राहिले.

रात्री, ग्रीन केप

ईडनच्या दक्षिणेला ग्रीन केपचं भूशिर. तिथे १८८३ चं जुनं काँक्रीटचं दीपगृह, दिवा मात्र आता त्याच्या शेजारच्या मनोऱ्यावर. १९९८ नंतर नियम झाला की बासची सामुद्रधुनी ओलांडण्याआधी प्रत्येक बोटीनं इथे रेडिओवर जाहीर करायचं: बोट, रेडिओ, इंजिन, तराफा ठीक आहेत, माणसं ठीक आहेत, आम्ही हवामान समजून घेतलं आहे आणि पुढे जाण्याचा निर्णय आमचा आहे. जाहीर केलं नाही तर पुढे जाता येत नाही.

स्किपरनं आधी एकेकाला नावानं विचारलं. नुसती मान हलवून चालत नव्हतं, शब्दांत सांगावं लागत होतं. माझी पाळी शेवटची. मी म्हटलं, "तयार आहे," आणि मग तिच्या सांगण्यावरून वहीतली ती ओळ मीच रेडिओवर वाचली. पलीकडून आमच्या बोटीचं नाव परत उच्चारलं गेलं, वेळ सांगितली गेली, शुभेच्छा दिल्या गेल्या. भूशिरावरच्या दिव्याचा उजेड शिडावर चमकून गेला.

३०, ३१ डिसेंबर, १ जानेवारी

लाटा मोठ्या होत्या पण लांब, डोंगरउताराच्या. बोट चढायची, उतरायची, आपटत नव्हती. अल्बाट्रॉस दोन दिवस सोबत. पंख न हलवता लाटेच्या अंगालगत जातो, तो बघताना तहानभूक सुटते. नवं वर्ष तस्मानियाच्या किनाऱ्यालगत लागलं, आलेपाकाची वडी वाटून. पहाटे केप राऊलचे उभे खांब दिसले, सह्याद्रीच्या कड्यांसारखे काळे, पण थेट समुद्रातून वर आलेले. होबार्टला धक्क्यावर अनोळखी लोक टाळ्या वाजवत होते. आमच्या गटात आम्ही शेवटून दुसरे. बोटीवरचे आठही जण पायांनी चालत उतरले.

पुणे, ११ जानेवारी

घरी पोचले. चहा झाल्यावर यांनी एक वही पुढे केली. माझ्यासारखीच, तास घातलेली. ठिपका कुठे, किती वेगानं, सगळं. मधल्या एका पानावर नुसतीच रेघ ओढलेली, वरच्या टोकाला २७ डिसेंबर, संध्याकाळी सहा दहा आणि खालच्या टोकाला २९ डिसेंबर, सकाळी अकरा पन्नास. शेजारी बेरीज: एक्केचाळीस तास चाळीस मिनिटं.

"आमच्या शेडमध्ये हे चार तास दहा मिनिटांचं काम," मी म्हटलं.

"इथे नव्हतं," ते म्हणाले. "मी दोन वेळा जेवलो असेन."

मी माझी वही काढली, दोन्ही वह्या जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी उघडल्या, आणि त्यांच्या त्या रिकाम्या रेघेसमोर, सहा दहापासून, एकेक तास त्यांना वाचून दाखवायला लागले.